पापुद्र्याची बखर

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. त्या हव्यातच. परंतु माणूस काही रोज लढत नाही. न्याहारी मात्र तो रोज करतो. त्या न्याहारीच्या ताटलीत काय आले, कुठून आले, कुणी ते आवडीने खाल्ले आणि कुणी त्याला शिवायचेही नाकारले, हाही इतिहासच आहे. त्याची बखर कुणी लिहीत नाही, एवढेच. आज अशीच एक छोटी बखर तुमच्यापुढे ठेवायची आहे. ती आहे पापुद्र्याची.

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली यांपैकी कोणत्याही गावच्या स्टेशनाबाहेरच्या बाजारात आज तुम्ही गेलात, तर एखाद्या बेकरीच्या काचेमागे चंद्रकोरीसारखा वाकवलेला, तांबूस रंगाचा एक पदार्थ तुम्हांला दिसेल. त्याचे नाव क्रोसाँ. फ्रान्स देशातली माणसे तो सकाळी कॉफीबरोबर खातात. हाताने मोडला की कागदासारखे पातळ पापुद्रे सुटतात आणि लोण्याचा वास येतो. त्याच दुकानात शेजारच्या बरणीत खारी बिस्किटे असतात. ती आपली रोजची, चहात बुडवायची. आणि दिवाळी आली की याच गावांतून घरोघरी चिरोटे होतात. क्रोसाँ परदेशी पाहुणा, खारी शहरातली, चिरोटा माजघरातला. दिसायला तिघांचा काही संबंध नाही. पण तिघांची युक्ती एकच आहे.

काय आहे ही युक्ती? साधी आहे. पीठ भिजवून त्याची पोळी लाटायची, तिच्यावर स्निग्ध पदार्थाचा थर द्यायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायची. पिठाचा एक पदर, तुपाचा किंवा लोण्याचा एक पदर, पुन्हा पिठाचा, असे होत जाते. हे भट्टीत गेले किंवा तळणीत पडले की पिठातल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिला सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. ती बाहेर पडायला वाट शोधते. मधला स्निग्ध थर पिठाच्या पदरांना एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणून वाफ त्यांना वर उचलते, आणि पदर सुटे होऊन तिथेच कडक होतात. झाला पापुद्रा. यात जादू नाही. आहे ती पाणी, स्निग्धता आणि उष्णता यांची नीट जुळणी.

आता फ्रान्सचे पाहू. क्रोसाँविषयी एक मोठी रंगतदार कथा सांगतात. १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्ना शहराला वेढा घातला. पहाटे उठून पाव भाजणाऱ्या भटारी लोकांना जमिनीखाली सुरुंग खणल्याचा आवाज आला, त्यांनी शहर जागे केले, वेढा उठला, आणि विजयाची खूण म्हणून तुर्कांच्या निशाणावरची चंद्रकोर पावात उतरली! कथा ऐकायला छान आहे. परंतु त्या काळच्या कागदपत्रांत तिला आधार मिळत नाही. उलट व्हिएन्नाचा तो कोरीसारखा पाव, ज्याला तिकडे किप्फेर्ल म्हणतात, वेढ्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. राणी मारी आंत्वानेतने तो फ्रान्समध्ये नेला, ही दुसरी कथाही अशीच मागाहून जुळवलेली. शिक्षकबंधूंनी हे ध्यानात ठेवावे. जी गोष्ट फार गोळीबंद आणि सोयीची वाटते, तिच्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा संशयानेच पाहिलेले बरे.

खरी हकीकत कमी नाट्यमय पण जास्त मनोरंजक आहे. आउगुस्ट त्साङ नावाचा एक ऑस्ट्रियन गृहस्थ होता. तोफखान्यातला माजी अधिकारी. त्याने १८३८-३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. पॅरिसच्या लोकांना तिची इतकी गोडी लागली की इतर भटारी तिची नक्कल करू लागले. त्साङ पुढे मायदेशी परत गेला आणि १८४८ मध्ये त्याने ‘दी प्रेस’ नावाचे वर्तमानपत्र सुरू केले. तोफ, पाव आणि छापखाना, असा त्या माणसाचा प्रवास! पण त्याने पॅरिसला नेलेल्या किप्फेर्लमध्ये आजचे पापुद्रे नव्हते. पापुद्र्यांची लोण्याची पोळी फ्रान्सला वेगळ्या वाटेने ठाऊक होती. ला वारेन या आचाऱ्याच्या १६५१ सालच्या पाकग्रंथात ती आढळते. त्याच्याही आधी, तेराव्या शतकातल्या अंदलुसियाच्या, म्हणजे अरबी अमलाखालच्या स्पेनच्या, पाकपुस्तकात पानापानांची पोळी आहे. हे दोन प्रवाह एकत्र मिळाले, म्हणजे यीस्ट घालून फुगवलेल्या पिठात लोण्याच्या घड्या घातल्या गेल्या, आणि आजचा क्रोसाँ पुस्तकांतून दिसू लागला, तो विसाव्या शतकाच्या आरंभी. म्हणजे आजच्या रूपातला हा पदार्थ फार तर सव्वाशे वर्षांचा.

आणि आपल्याकडे? सोळाव्या शतकात भावमिश्र नावाच्या वैद्याने ‘भावप्रकाश’ हा ग्रंथ लिहिला. ग्रंथ आयुर्वेदाचा, पण कोणते अन्न कसे करावे आणि त्याचे गुण काय, हेही त्यात सांगितले आहे. तिथे ‘फेनिका’ नावाच्या पक्वान्नाची कृती आहे, ती ऐका. तुपाचे भरपूर मोहन घातलेल्या कणकेच्या लांब वळ्या कराव्यात, त्या पाटावर शेजारी शेजारी ठेवून लाटण्याने एकजीव पोळी लाटावी, सुरीने कापावी, पुन्हा लाटावी आणि तिला ‘शट्टक’ लावावे. शट्टक म्हणजे काय, तेही ग्रंथकार सांगतो: तांदळाचे पीठ, तूप आणि पाणी यांचे मिश्रण. मग ती गुंडाळून तिचे गोळे करावेत, गोल लाटावेत आणि तुपात तळावेत, म्हणजे पदर स्पष्ट उमलतात. वरून सुवासिक साखर भुरभुरावी.

आता माझ्या भगिनींना मी विचारतो, ही कृती तुमच्या ओळखीची वाटते की नाही? तांदळाचे पीठ आणि तूप फेसून आपण चिरोट्याला जे लावतो, त्याला आपण काय म्हणतो? साटा. भावमिश्राचे शट्टक आणि आपला साटा! अक्षरे थोडी झिजली, पाणी गळाले, पण वस्तू तीच. साटोरी हे नावही त्याच घरातले दिसते. ज्या बाईने उभ्या आयुष्यात संस्कृतचे अक्षर वाचले नाही, तिच्या परातीत चारशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातले शास्त्र जिवंत आहे. किंवा उलटे म्हणा. ग्रंथ लिहिण्याच्या आधी ते कुणा बाईच्या परातीत असलेच पाहिजे, कारण वैद्याने ते कुठेतरी पाहिले तेव्हाच लिहिले ना?

इथे एक गोंधळ टाळायला हवा. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा मोठा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनातल्या मांड्यांचा, पोळ्यांचा उल्लेख आहे. हा राजा ‘कल्याणी’चा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि पुष्कळांना वाटते की ते आपले ठाणे जिल्ह्यातले कल्याण. तसे नाही. ते कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. आपले कल्याणही प्राचीनच, खाडीवरचे जुने बंदर. पण दुसऱ्याचा मुकुट आपल्या डोक्यावर घेण्याची त्याला गरज नाही.

तसेच, ‘पाहा, फ्रेंचांच्या आधी आमच्याकडे सारे होते’ अशी छाती फुगवण्याचेही कारण नाही. क्रोसाँ हा काही चिरोट्याची नक्कल नव्हे, आणि चिरोटा काही क्रोसाँचा आजोबा नव्हे. एकाने थंड लोणी, यीस्ट आणि भट्टी घेतली. दुसऱ्याने तूप, तांदळाची पिठी आणि कढई घेतली. का? या ‘का’चे उत्तर हवेत आहे. अगदी शब्दशः हवेत!

लोणी बत्तीस ते पस्तीस अंशांच्या आसपास वितळते, आणि त्याच्या पुष्कळ आधीच इतके मऊ होते की लाटता येत नाही. घड्या नीट पडायच्या तर ते पंधरा अंशांच्या आगेमागे थंड असावे लागते. पॅरिसच्या हवेत हे जमते. ठाण्या-कल्याणची हवा कशी आहे हे मी सांगायला नको. वैशाखात ओट्यावर ठेवलेले लोणी पाहता पाहता पातळ होते. मग पदर कसला राहणार? लोणी पिठात मुरून जाते आणि पापुद्र्याऐवजी नुसती खुसखुशीत वडी हाती येते. आपल्या पूर्वजांनी या अडचणीवर उपाय शोधला. लोणी कढवून तूप केले, त्यातले पाणी काढून टाकले. मग त्या तुपात तांदळाची पिठी घालून ते फेसले. पिठीचे बारीक कण तुपाला धरून ठेवतात, वाहू देत नाहीत, आणि शिवाय पोळीचे पदर एकमेकांपासून अलग ठेवतात. बर्फ नको, थंड हवा नको. उकाड्याच्या प्रदेशासाठी केलेला हा फार विचारपूर्वक शोध आहे. तो कुणी केला, त्या व्यक्तीचे नाव इतिहासाने राखले नाही. भातशेतीच्या कोकणपट्टीत तांदळाची पिठी तर प्रत्येक घरात. गहू मात्र घाट उतरून यायचा, म्हणून गव्हाचे असे पक्वान्न सणासुदीलाच व्हायचे.

आता बखरीचे दुसरे पान. चिरोटा घरात होता, मग भट्टी कुठून आली?

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे साष्टी आणि ठाणेही त्यांच्या ताब्यात गेले. पोर्तुगीजांबरोबर गव्हाचा फुगवलेला पाव आला. आपला ‘पाव’ हा शब्द त्यांच्याच भाषेतला. बटाटा, पगार, चावी हेही तिथलेच. आंबवण्यासाठी गोव्याच्या पदेरांनी माडाची सूर वापरली. युरोपातले आंबवण इथे मिळेना, तर माडाने ते पुरवले. पाहा, इथेही हवेशी आणि भूमीशी जुळवून घेणे आलेच.

परंतु या पावाबरोबर एक भीतीही आली. गावच्या विहिरीत पाव टाकला, ते पाणी गाव प्यायले, म्हणजे गाव बाटले, अशी गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. ती प्रत्येक गावी तशीच घडली असेल असे नाही. पण लोकांनी ती खरी मानली, याला महत्त्व आहे. कारण मग पाव हा खाण्याचा पदार्थ राहिला नाही. तो धर्माची सीमा झाला. एका बाजूला पाव खाणारे, दुसऱ्या बाजूला न खाणारे. एकाच मातीतली, एकच बोली बोलणारी माणसे पिठाच्या एका गोळ्यावरून परकी झाली.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजांनी वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीजांचे राज्य इथून गेले. पाव मात्र राहिला. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो राखला, आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी त्याला न शिवण्याचा नेमही तितक्याच निष्ठेने राखला.

हा नेम किती कडक होता, याचे एक उदाहरण सांगतो. त्याचा धागा कल्याणपर्यंत जातो. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सारे जाणतो. कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली ही मुलगी अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाली. समुद्र ओलांडायचा म्हणजे जातीबाहेर जायचे, असे मानण्याचा तो काळ. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे तिने निघण्यापूर्वी जाहीर सभेत सांगितले होते. ती परत आली, पण क्षयाने खंगून, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारली. वय अवघे एकवीस.

तिचे पती गोपाळराव जोशी हे पोस्टात नोकरी केलेले, विलक्षण स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावले. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसता हात लावला, कुणी तसेच ठेवले. मग या मंडळींची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आली, आणि पुण्यात गहजब झाला! ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा, ख्रिस्ती लोकांची बिस्किटे! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. बहिष्काराची भाषा झाली, प्रायश्चित्ते झाली. रानड्यांसारख्या माणसालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. ज्यांनी बिस्किटाचा तुकडा मोडला त्यांच्या घरी पंगतीला कोण बसणार, श्राद्धाला ब्राह्मण कुठून मिळणार, असे प्रश्न उभे राहिले. श्रोतेहो, आज आपल्याला याचे हसू येते. परंतु त्या घरातल्या बायकामुलांना ते हसण्यावारी नेता आले नसेल. शिवाय हेही विसरू नका, की आपल्याच गावातल्या ज्या माणसांना पिढ्यानपिढ्या पाणवठ्यावर आणि पंगतीत दूर ठेवले गेले, त्यांना हा बहिष्कार एका दिवसाचा नव्हता, जन्माचा होता.

मग ही भिंत पडली कशी? सुधारकांनी ती फोडली, हे खरेच. पण तिला आणखी एक धक्का बसला, तो आगगाडीचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोहोचली. गाडीच्या डब्यात कोण कुणाशेजारी बसला आहे, हे विचारायला सवड नसते. गिरणीत, कचेरीत जाणाऱ्या माणसाला पहाटे निघावे लागते. त्याला हाती धरून खाता येईल, डब्यात टिकेल असे काहीतरी हवे असते. ती गरज बेकरीने भागवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातल्या यझ्द आणि केरमान भागांतले झरतुष्ट्री लोक मुंबईला येऊ लागले. नाक्यानाक्यावर त्यांची हॉटेले निघाली. धोबीतलावची कयानी १९०४ सालची. त्या हॉटेलांत कुणी कुणाची जात विचारली नाही. ब्रून, मस्का, चहा आणि खारी हे सारे संगमरवरी टेबलावर एकत्र आले. पुढे सायकलीवर पत्र्याची पेटी लावून पाववाला ठाण्या-कल्याणच्या आळीआळीतून फिरू लागला. ज्या सोप्यावर पावाचा तुकडा आला असता तर एके काळी गोमूत्र शिंपडले असते, तिथे आजोबा सकाळी खारी चहात बुडवून खाऊ लागले. कुणी ठराव केला नाही, कुणी सभा घेतली नाही. भूक आणि सोय यांनी ते काम गुपचूप केले.

१९५६ साली अमेरिकेशी ‘पी. एल. ४८०’ या नावाने ओळखला जाणारा धान्याचा करार झाला. रेशनच्या दुकानांतून गहू भातखाऊ कोकणातही आला. १९६५ साली सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली. पाव हा आता कुणा एकाचा राहिला नाही.

पण खारीच्या पापुद्र्यात कोणता स्निग्ध पदार्थ होता? इथे जरा थांबले पाहिजे. लोणी महाग आणि उकाड्यात वितळणारे. १९३७ साली डालडा बाजारात आला. वनस्पती तूप म्हणजे तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेला पदार्थ. तो लोण्याहून उशिरा वितळतो, स्वस्त असतो, आठवडेच्या आठवडे टिकतो. साट्याने जे काम केले तेच भटारखान्यात वनस्पतीने केले. पुढे कळले, की या प्रक्रियेत तयार होणारी ‘ट्रान्स’ जातीची चरबी हृदयाला घातक असते. म्हणून आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले आणि चरबी यांत तिचे प्रमाण शेकडा २ पेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. सोयीच्या प्रत्येक वस्तूचे बिल कधी ना कधी येतेच. तेव्हा खारी आणा, पण पुड्यावर काय लिहिले आहे ते वाचून आणा.

तुम्ही म्हणाल, इतिहास पुष्कळ झाला. हे घरी करायचे कसे? तेही सांगतो.

आधी चिरोटा. दोन वाट्या मैद्यात दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन आणि चिमूटभर मीठ घाला. घट्टसर भिजवा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवा. तीन चमचे घट्ट तूप परातीत तळहाताने फेसा. ते पांढरे आणि हलके झाले की त्यात दोन चमचे तांदळाची पिठी मिसळा. साटा झाला की नाही हे कसे ओळखायचे? त्याचा थेंब वाटीभर पाण्यात टाका. तरंगला, तर झाला. तीन पातळ पोळ्या लाटा. एकीवर साटा, तिच्यावर दुसरी, पुन्हा साटा, वर तिसरी, पुन्हा साटा. आता घट्ट वळकटी करा आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे कापा. कापलेली बाजू वर ठेवून हलक्या हाताने लाटा. जोर दिलात तर पदर मिटतील. मंद आचेवर तळा आणि झाऱ्याने वरून तूप उडवत राहा. पदर तुमच्या डोळ्यांदेखत उमलतील.

आता क्रोसाँ. ज्यांच्या घरी शीतकपाट आणि ओव्हन आहे त्यांनी पौष-माघात, पहाटे हा प्रयोग करावा. अर्धा किलो मैदा, पाऊण पेला साखर नको, पन्नास ग्रॅमच पुरे, दहा ग्रॅम मीठ, सात ग्रॅम सुके यीस्ट, थोडे लोणी आणि सुमारे पावणेतीनशे मिलिलिटर थंड दूध-पाणी एकत्र मळून रात्रभर शीतकपाटात ठेवा. सकाळी पाव किलो बिनमिठाचे लोणी दोन कागदांमध्ये ठेवून चौकोनी थापा. ते वाकले पाहिजे, पण पाघळता कामा नये. पिठाची पोळी लाटून त्यात लोणी लिफाफ्यासारखे बंद करा. लांब लाटा, तीन पदरी घडी घाला आणि अर्धा-पाऊण तास पुन्हा गारव्यात ठेवा. असे तीनदा करा. कडप्प्याचा ओटा असेल तर त्यावर आधी बर्फाची थाळी फिरवून तो पुसून घ्या. मग पाव बोटाएवढी जाड पोळी लाटून लांबट त्रिकोण कापा आणि रुंद बाजूकडून गुंडाळा. दोन तास फुगू द्या, पण उन्हाजवळ किंवा चुलीजवळ नको. लोणी वितळले की सारा खेळ संपला. दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये वीसेक मिनिटांत ते तांबूस होतात.

ओव्हन नसला म्हणून अडत नाही. पाठारे प्रभूंच्या घरी भानोले करताना खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवण्याची रीत होतीच. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, तीत तिवई ठेवून वर ताटली ठेवली तरी भाजणी होते. अर्थात, आच सांभाळायला सराव लागतो.

शिक्षकबंधू-भगिनींनो, आता तुमच्यासाठी दोन शब्द. या पदार्थात गणित आहे: लोण्याचा एक थर, त्याची तीनपदरी घडी तीनदा घातली तर थर किती? तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस. कागदाची घडी घालून हे पाचवीच्या मुलाला दाखवता येईल. यात विज्ञान आहे, ते वाफेचे. भूगोल आहे: पॅरिस लोणी का वापरते आणि कल्याण तूप-पिठी का वापरते. आणि इतिहास तर आहेच. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली. त्या आधीचे आणि नंतरचेही बहुतेक ज्ञान कुठेच छापलेले नाही. ते आजीच्या हातात आहे. साट्याचा थेंब तरंगला की तो झाला, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवले नाही. आणि ती गेली की ते तिच्याबरोबर जाते.

म्हणून एक काम करा. वर्गातल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला, हो, मुलालाही, घरच्या वडीलधाऱ्या बाईकडून एका पदार्थाची कृती तिच्याच शब्दांत लिहून आणायला सांगा. माप वाटीचे असेल तर वाटीचे, ओंजळीचे असेल तर ओंजळीचे. तो पदार्थ त्यांच्या घरी कधी होतो, कुणाला दिला जातो, कोणाच्या घरचा पूर्वी खात नसत, हेही विचारू द्या. काही उत्तरे गोड असतील, काही कडू असतील. दोन्ही लिहून घ्या. वसईच्या ख्रिस्ती मुलाची पावाची कृती आणि कल्याणच्या मुलीची चिरोट्याची कृती एकाच वहीत आली, की पंचहौदाच्या बिस्किटाचा खटला मुलांना वेगळा शिकवावा लागणार नाही.

पापुद्रा पातळ असतो, पण एकट्या पापुद्र्याला चव नसते. एकावर एक असे अनेक जमले, मध्ये थोडी स्निग्धता राहिली, एकमेकांना न चिकटताही ते एकत्र राहिले, तरच त्याचा पदार्थ होतो. आपल्या ठाणे-कल्याणच्या भूमीवर असे पुष्कळ पदर पडले आहेत. पुढचा पदर कसा पडतो, ते तुमच्या वर्गातल्या त्या वहीवर बरेचसे अवलंबून आहे.